फोटोतले बूट हॉकीचे होते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत जहाजावरच्या बर्फावर स्केटिंगचे शो करणाऱ्या कलाकारांवर पानभर लेख आला. लेख रंगवला होता छान, पण वर जो मोठा फोटो छापला त्यातले बूट फिगर स्केटिंगचे नव्हते, आइस हॉकीचे होते. फिगर स्केटिंगच्या ब्लेडला पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतात, त्याला टो-पिक म्हणतात. हॉकीच्या ब्लेडला ते नसतात. चूक बारीक आहे, मान्य. पण मी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ आणि ग्राइंडर चालवतोय, आणि त्या दातांवरून माझ्या घरात एकदा दोन दिवस अबोला झालेला आहे. त्यामुळं ते दिसले नाहीत की मला चैन पडत नाही.

माझी थोरली मुलगी हे काम करते. एक करार फिरत्या शोचा झाला, दोन जहाजावरचे. आपला लेख 'जग फुकटात फिरायचं आणि वर डॉलरमध्ये पगार' अशा थाटात संपला, आणि सोमवारी सकाळी शेडचं शटर अर्धं वर केलं नाही तोवर एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन हजर. "फॉर्म कुठला भरायचा तेवढं सांगा." दुपारी आणखी एक जण आले. त्यांना जे सांगितलं ते इथं लिहितो, म्हणजे मला दर वेळी मशीन बंद करायला नको.

पोरगी सात वर्षांची असताना एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर सकाळी सहाला स्केटिंगला जायला लागली. चार चाकांचे साधे बूट. आपल्याकडं स्केटिंग म्हणजे शर्यत. शर्यतीत ही कायम शेवटून दुसरी. पण उलटं वळायला, एका पायावर तोल धरायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्या सरांनी ते हेरलं आणि सांगितलं, हिला आर्टिस्टिकला घाला, म्हणजे चाकांवर संगीताबरोबर गिरक्या आणि उड्या. असा काही प्रकार असतो हे मला त्या दिवशी कळलं. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामाला आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये एकेरीत कांस्य मिळालं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य मिळालं. ते कात्रण आमच्या फ्रिजवर इतकी वर्षं होतं की त्याच्या मागचा रंग वेगळा राहिला. पोरीनं पुढं राज्यात पदकं मिळवली. मग अठरा पूर्ण झाली आणि सगळे विचारायला लागले, आता पुढं काय? या खेळाला ऑलिंपिक नाही. बर्फावरच्याला आहे.

बर्फ आणायचा कुठून? सिमल्याला १९२० पासून उघड्यावरची रिंक आहे, पण तिथं रात्री पाणी गोठतं आणि ऊन चढायच्या आत खेळून घ्यायचं, तेही थंडीच्या थोड्या आठवड्यांत. डेहराडूनची मोठी रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली आणि नंतर कित्येक वर्षं बंद राहिली, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आम्हाला गरज होती तेव्हा उरली गुरुग्रामच्या मॉलमधली. आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या निजामुद्दीन गाडीनं मी तिला घेऊन गेलो. मॉलमध्ये खालून वरपर्यंत कपड्यांची दुकानं आणि सगळ्यात वर बर्फ. तिकीट काढून पोरगी आत उतरली आणि पहिली वीस मिनिटं नुसती कठडा धरून. राज्याची पदकवाली! मातीत वाढलेला पैलवान पहिल्यांदा मॅटवर उतरला की जसा दिसतो तशी दिसत होती. डाव सगळे माहीत, पण पायाखालचं काहीच ओळखीचं नाही. चाकं जमिनीला चार ठिकाणी टेकतात. ब्लेड टेकतं ते कडेवर. आणि त्या कडेबद्दल जरा सविस्तर लिहू द्या, कारण या सगळ्यात मला स्वतःला कळणारी गोष्ट तेवढीच आहे.

फिगर स्केटचं ब्लेड साधारण चार मिलिमीटर जाड असतं. लोकांना वाटतं ते सुरीसारखं धारदार असेल. तसं नसतं. खालच्या बाजूनं लांबीभर एक उथळ नाळ घासलेली असते, त्यामुळं ब्लेडला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. पोरगी बर्फावर वळते ती यांतल्या एका कडेवर झुकून. शिवाय ब्लेड सरळ नसतं, सात-आठ फूट त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळाचा एक तुकडा असतो, म्हणून ते बर्फाला एका वेळी थोडंच टेकतं आणि त्या टेकणीवर गिरकी बसते. नाळेची त्रिज्या अर्धा इंचाच्या आसपास. ती कमी केली तर कड जास्त पकडते, वाढवली तर ब्लेड मोकळं सरकतं. हे सगळं पोरीनं मला गुरुग्रामहून परत येताना गाडीत कागदावर काढून दाखवलं, आणि मी म्हटलं, एवढंच ना? हे तर आपलं काम.

धार लावायला दर वेळी दिल्लीला पाठवायचं परवडणारं नव्हतं. मी सरफेस ग्राइंडरवर ब्लेड धरायला एक फिक्स्चर केलं, हिऱ्याच्या टोकानं चाकाला अर्ध्या इंचाची गोलाई दिली आणि पहिलं ब्लेड लावलं. घाई केली, कूलंट सोडला नाही. कडेला निळी झाक आली. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही हेल्परला विचारा, निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. आणि त्याच बैठकीत, पुढचे ते दात जरा जास्तच खाली आलेत, बर म्हणजे कापताना उरलेली धातूची कोर राहिली असेल, असं समजून मी सगळ्यात खालचा दात घासून टाकला. पोरीनं हातात घेतलं, बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पप्पा, ते दात पाहिजेत. त्याच्यावरनं मी उडी मारतो." (आमच्याकडच्या मुली 'मारतो'च म्हणतात, मुद्रणदोष समजू नये.) अबोला झाला तो हाच. साडेआठ हजारांचं ब्लेड गेलं. दुसऱ्या जोडीला मी पाण्याची धार सोडून, हळू, एका वेळी केसभर घेत घासलं. दोन्ही कडांवर पट्टी आडवी ठेवून गुण्या लावला, प्रकाश कुठून दिसतो ते बघितलं. एक कड वर आणि एक खाली राहिली तर पोरगी सरळ जायला बघते आणि तिरकी जाते. आता डोळे झाकून करतो असं म्हणणार नाही. चष्मा लावून करतो.

बुटांचं दुसरं. तळ आणि टाच चामड्याच्या थरांची, त्यात ब्लेड स्क्रूनं बसवलेलं. बर्फाचं पाणी मुरून तळ मऊ झाला की स्क्रू ढिले पडतात. एकदा टाचेचे स्क्रू जागेवर फिरायला लागले. कंपनीच्या माणसानं मेलवर नवे बूट घ्या असं कळवलं. त्या वेळी बूट आणि ब्लेड मिळून पाऊण लाखाच्या घरात जात होते. मी ते बूट घेऊन चप्पल लाइनीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं उलटे धरून बघितले, वास घेतला आणि विचारलं, "हे पाण्यात घालून नाचती काय?" त्यानं जुनी भोकं चामड्याच्या खुंट्यांनी बुजवली, मेण तापवून तळाला मुरवलं आणि म्हणाला, आता चार दिवस हात लावायचा नाही. त्या बुटांनी पुढं दीड वर्ष काढलं.

आता नोकरीचं. दुबईतल्या एका मॉलच्या रिंकवर तिला काम लागलं. काम काय, तर काउंटरवर बूट वाटायचे, पोरांच्या लेस बांधायच्या, पडलेल्यांना उठवायचं. पगार जेमतेम. पण रिंक लोकांना उघडायच्या आधी सकाळी दीड तास बर्फ कर्मचाऱ्यांना मिळायचा, आणि तिला तेवढाच हवा होता. अडीच वर्षं ती पहाटे चारला उठली. अॅक्सेल नावाची उडी तिथं बसली. सगळ्या उड्यांत ही एकटीच पुढं तोंड करून घ्यायची असते आणि उतरायचं मागं तोंड करून, म्हणून एकेरी म्हटलं तरी दीड गिरकी होते. ॲक्सेल पॉलसेन या नॉर्वेच्या माणसानं ती १८८२ साली पहिल्यांदा मारली म्हणतात. माझ्या पोरीला ती बसायला चौदा महिने लागले. चौदा महिने पडणं म्हणजे काय ते तिच्या उजव्या कुल्ल्याचा रंग बघून तिच्या आईला कळायचं, मला नाही दाखवायची.

शोसाठी निवड व्हिडिओवर होते. चारेक मिनिटांत पुढं-मागं, दोन्ही बाजूंनी क्रॉसओव्हर म्हणजे पायावरून पाय टाकत वळणं, लांब स्पायरल म्हणजे एक पाय मागं उंच धरून सरकणं, गिरक्या, उड्या आणि एखादा तुकडा अभिनयासह. पहिले दोन व्हिडिओ परत आले. एका दिग्दर्शकानं मेलवर मोजक्या शब्दांत कळवलं की तंत्र ठीक आहे, सादरीकरण नाही. तेवढ्यात २०२० चा मार्च आला. जगातली सगळी प्रवासी जहाजं बंदरांत उभी राहिली, रिंका बंद झाल्या आणि पोरगी घरी आली. शेडमधल्या फरशीवर, मशीनच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, ती पुन्हा चाकांवर सराव करायला लागली. जेवणाच्या सुट्टीत शेडमधली आमची चार कामगार पोरं डबा खात बघत बसायची. एक दिवस त्यांतला एक टर्नर म्हणाला, "ताई, पाय लई भारी पळत्यात. पण तोंड बघून वाटतंय पगार झाल्याला नाही." दिग्दर्शकानं जे मेलवर लिहिलं होतं तेच! त्या दिवसापासून ती त्या चौघांसमोर रोज एक तुकडा करायची आणि त्यांनी हसायच्या जागी हसलं नाही तर पुन्हा. तिसरा व्हिडिओ २०२२ मध्ये गेला, दुबईला परतल्यावर, आणि बोलावणं आलं.

पहिला करार फिरत्या शोचा. ही बातमी ऐकून आमच्या आत्ती म्हणाल्या, "म्हणजे सर्कशीत गेली म्हण की!" मी म्हटलं, आत्ती, सर्कस आपल्या भागाला कधीपासून कमीपणाची झाली? १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे इथले शेजारचेच, अंकलखोपचे. आत्तींना ते काही पटलं नाही. पण खरं सांगायचं तर फिरता शो म्हणजे फडच. आठवड्याला गाव बदलायचं, शनिवारी तीन तीन खेळ, रात्री ट्रक भरायचे. जिथं तयार बर्फ नाही तिथं पाइपांच्या चटया अंथरतात, त्यांतून उणे तापमानाचा द्रव फिरवतात आणि वरून पाण्याचे पातळ थर मारत मारत बर्फ धरतात. पोरीला एका प्राण्याचं मोठं डोकं घालून काम होतं. त्यातून स्वतःचे पाय दिसत नाहीत. सगळ्या रांगेबरोबर एकाच ठोक्याला वळायचं ते संगीतावर आणि शेजारणीच्या ब्लेडच्या आवाजावर. मी विचारलं, अॅक्सेल कधी मारतेस? म्हणाली, "डोकं काढल्यावर. दुसऱ्या अंकात, एकदा."

इथं एक सांगायला हवं, कारण लोक अजून मला विचारतात, 'पदक किती?' या कामात पदक नसतं. किंबहुना बरीच दशकं दोन्ही रस्ते एकमेकांना बंदच होते. ऑलिंपिकला फक्त हौशी खेळाडू, पैसे घेऊन शो केला की स्पर्धा संपली. नॉर्वेची सोन्या हेनी १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णं घेऊन अमेरिकेत शो आणि सिनेमाकडं वळली ती पुन्हा स्पर्धेत आली नाही. त्याच सुमाराला आइस फॉलीज, आइस कपेड्स असे मोठे शो निघाले, १९४३ ला हॉलिडे ऑन आइस आलं, ते अजून चालू आहे. म्हणजे हा काही पदक हुकलेल्यांचा कोपरा नाही, ऐंशी-नव्वद वर्षांचा जुना धंदा आहे. आपल्याकडं मैदानात इनामावर कुस्ती मारणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं ऑलिंपिकचं काय झालं. तसंच.

मग जहाज. समुद्रावर पहिली रिंक आली १९९९ मध्ये, रॉयल कॅरिबियनच्या व्हॉयेजर ऑफ द सीजवर. तिथले शो कित्येक वर्षं विली बिएटॅक या ऑस्ट्रियाच्या माजी स्केटरच्या कंपनीनं बसवले. २०२४ ला आलेल्या आयकॉन ऑफ द सीजवरही रिंक आहे. सगळ्या जहाजांवर नसते, हे त्या सोमवारच्या गृहस्थांना माहीत नव्हतं. मोजक्याच जहाजांवर असते आणि प्रत्येकावर दहा-बारा जणांचा संच, म्हणजे जागा किती ते आपणच मोजा.

पोरीच्या जहाजावरची रिंक साधारण ४० बाय ६० फूट. स्पर्धेची मोठी रिंक ६० बाय ३० मीटर असते. मी हिशेब केला, हिचा आठवा हिस्सा. उडीसाठी धाव घ्यायला तीन ढकले मिळतात, चौथ्याला कठडा. अंधार, त्यात डोळ्यांवर झोत. रिंक जहाजाच्या मध्याजवळ, खालच्या मजल्यावर असते, कारण तिथं हेलकावा कमी लागतो. कमी म्हणजे नाही असं नव्हे. उडी घेताना जहाज खाली गेलं तर बर्फ उशिरा भेटतो, वर आलं तर लवकर. समुद्र खवळलेला असला की कॅप्टनकडून निरोप येतो, उड्या साध्या करतात, फारच झालं तर खेळ रद्द. जहाजावरच्या दुसऱ्या कराराच्या तिसऱ्या महिन्यात तिचं मनगट मोडलं. जहाजाच्या दवाखान्यातून फोन आला. मी घाबरून विचारलं, कशी पडलीस? ती म्हणाली, "मी पडलो नाही पप्पा, जहाज वर आलं." त्याच रात्री दुसरा खेळ वेळेवर झाला. संचात एक जण असा असतो की त्याला सगळ्यांच्या जागा पाठ असतात, स्विंग म्हणतात. तो तिच्या जागी उभा राहिला. उपचाराचा खर्च कंपनीनं केला, पण तिला घरी पाठवलं, आणि उरलेल्या महिन्यांचं काम गेलं.

रात्रीच्या दोन खेळांचं लोकांना दिसतं. दिवसा प्रवाशांसाठी रिंक उघडी असते आणि तेव्हा हेच कलाकार काउंटरवर उभे. बूट वाटायचे, लेस बांधायच्या, पडलेल्यांना उठवायचं. दुबईत केलं तेच. खोली दोघींत एक, खिडकी नाही. आणि सुरक्षेची ड्यूटी वेगळी. आग लागली, जहाज सोडायची वेळ आली तर ठरलेल्या जागी उभं राहून प्रवासी मोजायचे, जॅकेट बांधून द्यायचं. त्यासाठी एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावरच्या माणसांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले कोर्स करावे लागतात: पाण्यात जगायचं, आग विझवायची, प्रथमोपचार आणि असं. तलावात उडी मारायच्या दिवशी तिच्या प्रशिक्षकांनी विचारलं, कुणी लाइफ जॅकेट आधी घातलंय का? ही एकटी म्हणाली, हो. २०२१ च्या जुलैत जयंती नाल्याचं पाणी आमच्या पायरीवर चढलं तेव्हा बोटीतून बाहेर काढलं होतं आम्हाला. मी त्या बोटीत बुटांची पिशवी डोक्यावर धरून बसलो होतो. लोक हसत होते.

पगाराचा आकडा लिहीत नाही. लिहिला तर गल्लीत उधारीला रांग लागेल. एवढंच सांगतो की लेखातला लाखांचा आकडा महिन्याला बाराने गुणू नये. करार सहा-आठ महिन्यांचा, दोन करारांच्या मध्ये पगार शून्य, आणि त्याच मधल्या काळात बर्फ विकत घेऊन सराव करायचा. तिशीनंतर गुडघे आणि कंबर काय म्हणतात त्यावर पुढचं.

आणि आता जे लिहायला मी खरं तर पेन उचललं ते. २०२१ मध्ये, घरी बसलो असताना, मुंबईतल्या एका एजंटाकडं मी गेलो. काचेचं दार, भिंतीवर जहाजांचे फोटो, गोड बोलणारी माणसं. एक लाख ऐंशी हजार मागितले, शो पक्का म्हणाले. साठ हजार मी रोख दिले. पावती 'ट्रेनिंग फी' म्हणून फाडली. चार महिन्यांनी हाउसकीपिंगच्या कोर्सचं एक सर्टिफिकेट पोस्टानं आलं. फोन बंद. मी आयुष्यभर जॉब घेताना ड्रॉइंगवर सही असल्याशिवाय मटेरियल कापलं नाही, आणि तिथं साधा परवाना नंबर विचारला नाही. चूक माझी, पण दुसऱ्यानं ती करू नये.

जहाजावर माणसं पाठवणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात आणि यादी त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला मनाई आहे, आणि बर्फावर नाचणारी पोरगीही जहाजावर चढली की या नियमात खलाशीच. २००६ चा सागरी कामगार करार भारतानं २०१५ मध्ये मान्य केला, त्यात हे स्पष्ट आहे. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक आणि वैद्यकीय तपासणी, एवढाच खर्च आपला. परदेशात जमिनीवरच्या नोकरीसाठी भरती करणारा एजंटही १९८३ च्या कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. शिवाय शोच्या निर्मात्या कंपन्या व्हिडिओ स्वतःच मागवतात. माझ्या मुलीच्या तिन्ही करारांत मध्ये कुणीही नव्हतं. रोख मागतो तो एजंट, पावतीवर वेगळंच लिहितो तो एजंट. उठून यावं.

त्या सोमवारच्या गृहस्थांना मी एवढंच म्हटलं, फॉर्म नाही, पोरीला आधी उलटं चालता येऊ दे. ते जरा नाराज होऊन गेले. पोरगी मात्र जाताना कपाटातल्या निळ्या पडलेल्या ब्लेडकडं बघत होती. मी ते टाकलेलं नाही, हेल्परांना दाखवायला ठेवलंय.

आपल्या शहरात बर्फाची रिंक व्हावी असली मागणी मी करणार नाही, विजेचं बिल कोण भरणार? पण आर्टिस्टिकवाल्या मुलांना गुळगुळीत, छताखालची एक फरशी सकाळी दोन तास मिळाली तर बरंच काही इथंच शिकून होतं. कडा, तोल, उलटं वळणं, चेहरा. आत्ता ती मुलं शर्यतवाल्यांच्या ट्रॅकच्या मधल्या तुकड्यात, भेगा चुकवत शिकतात. पावसाळ्यात तेही बंद. महापालिकेच्या किती हॉलना लग्नाच्या तारखा सोडून कुलूप असतं ते आपल्या प्रतिनिधीनं एकदा बघून यावं.

मुलगी सध्या घरी आहे. मनगट बरं झालं, पुढच्या करारासाठी व्हिडिओ पाठवायचाय, त्यामुळं नवं ब्लेड बेंचवर आहे. कुणाच्या मुलांच्या ब्लेडला धार लावायची असेल तर रविवारी दहानंतर शेड उघडी असते, शिकणाऱ्या पोरांकडून पैसे घेत नाही. नाव-पत्ता आपल्याकडं आहे, छापू नये, पण कुणी विचारलं तर द्यायला हरकत नाही. बूट ओले आणू नयेत.

आपला,
एक टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर